सीडीला निदान भंगाराचा मान द्या

लग्नाच्या, नाटकांच्या, एमआरआयच्या सीडी अजून कितीतरी घरांत पडून आहेत. नव्या लॅपटॉपला त्या घालायची सोयच नसते. मग दिवाळीच्या साफसफाईत त्या बाहेर निघतात आणि थेट कचऱ्यात जातात. रद्दीवाल्याला त्या नको असतात, म्हणून त्यांना मोल नाही असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सीडीचे जवळजवळ सगळे वजन पॉलिकार्बोनेटचे असते. गाड्यांच्या दिव्यांच्या काचा याच प्लास्टिकच्या. त्यावर धातूचा अतिशय पातळ थर, वर लेप आणि छपाईची शाई. हे थर उतरवले की चकतीचा चुरा करून पुन्हा दाणे बनवता येतात. डीव्हीडीत दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात, त्यामुळे तिथे खटाटोप थोडा जास्त.

मग गाडे अडते कुठे? वजनात. एक सीडी साधारण सोळा ग्रॅमची, म्हणजे किलो भरायला साठेक सीडी हव्यात. त्यासाठी दारोदार फिरणे कुणाला परवडणार, असे भंगारवाला विचारतो आणि त्याचे बरोबरच आहे. पण ही अडचण गोळा करण्याच्या पद्धतीची आहे, मालाची नव्हे. सीडी शेकड्यांनी साचतात त्या स्कॅन सेंटरांत, फोटो स्टुडिओंत, ग्रंथालयांत आणि सरकारी कार्यालयांत. महापालिकांनी तिथे पेट्या ठेवाव्यात, त्या भरल्या की एकदम उचलाव्यात आणि घरच्या चार-दोन सीडीही लोकांना त्यातच टाकू द्याव्यात. पुण्यात 'स्वच्छ'सारखी कचरावेचकांची सहकारी संस्था रोज घरोघर पोहोचते. अशा यंत्रणेला योग्य मोबदला देऊन हे काम सोपवता येईल. खासगी माहितीची धास्ती रास्त आहे, पण तिच्यावर उपाय सोपा. सीडीतली माहिती छापील बाजूच्या लेपाखालीच असते, तिथे खिळ्याने खोल ओरखडे काढावेत. डीव्हीडीत ती दोन चकत्यांच्या मध्ये असते, म्हणून डीव्हीडी कापलेली बरी. काही जण सीडी टाकण्याऐवजी पाखरे हुसकायला शेतात टांगतात, त्यांच्या शोभेच्या वस्तूही करतात. हौसेला ना नाही, पण उन्हाने ठिसूळ झालेली सीडी शेवटी मातीतच तुकडे होऊन पडते. हा पुनर्वापर नव्हे, लांबणीवर टाकलेला कचरा आहे.

पेट्या येईपर्यंत एवढे करा: हवे ते आधी उतरवून घ्या, सीडी डबीतून काढा आणि आतला कागद रद्दीत द्या. कडक पारदर्शक डबी बहुधा पॉलिस्टायरीनची, म्हणजे वेगळ्या प्लास्टिकची असते. ती सीडीत मिसळू नका.