दोराचं मोकळं टोक

9 एप्रिल 2024, गुढीपाडव्याचा दिवस. नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाची स्लरी साठवलेल्या एका जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, मग तिसरा. पाच जण गेले. कमरेला दोर बांधून उतरलेला सहावा तेवढा वर ओढता आला.

ही बातमी हळहळून सोडून द्यायची नाही. याच तालुक्यातल्या सोनईत ज्याच्या हाताखाली चार माणसं काम करतात, त्याने ती कामगार कायद्याची बातमी म्हणून पुन्हा वाचावी. शेण किंवा मैला कुजला की मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, म्हणून लोक नाकावर भरवसा ठेवतात. पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे हवा स्वच्छ झाली असं समजून माणूस पुढची पायरी उतरतो, आणि चार श्वासांत कोसळतो. कंदील सोडून बघायची जुनी रीतही इथे कुचकामी. ज्योत हायड्रोजन सल्फाइडची खबर देत नाही आणि मिथेन असेल तर भडका उडतो.

कायद्याने हे फार पूर्वी ओळखलं होतं. 1948च्या कारखाना अधिनियमाचं कलम 36 सांगत होतं की बंदिस्त टाकीत माणूस उतरवायचा, तर जाणकाराने स्वतः हवा तपासून लेखी दाखला द्यावा. नाहीतर उतरणाऱ्याला श्वासाचं उपकरण आणि पट्टा हवा, पट्ट्याला दोर हवा आणि दोराचं मोकळं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवं. वाकडीत सहावा वाचला तो नेमका याच दोराने. 21 नोव्हेंबर 2025पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. टाकीतला वायू मात्र नवी संहिता वाचून बदललेला नाही.

मुळा साखर कारखान्यासारख्या मोठ्या ठिकाणी या गोष्टी विचारायला निदान निरीक्षक तरी येतो. मला धास्ती आहे ती लहान मालकांची. शनिशिंगणापूरच्या वाटेवरची लॉज, मंगल कार्यालयं, शाळा, वसतिगृहं, दूध डेअऱ्या. टाकी तुंबली की मालक फोन फिरवतो, ‘दोन माणसं पाठव, लग्नाच्या आत उरकायचंय.’ माणसं बादली आणि काठी घेऊन येतात, पैसे रोख मिळतात. काही झालंच तर उत्तर तयार असतं, ‘ती ठेकेदाराची माणसं.’

हे उत्तर चालत नाही. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा 2013चा कायदा चार नव्या श्रमसंहितांत विरलेला नाही, तो वेगळा शाबूत आहे. साधनांशिवाय आणि खबरदारीशिवाय कोणालाही सेप्टिक टँकमध्ये उतरवू नये, प्रत्यक्ष नाही आणि अप्रत्यक्षही नाही, असं त्याचं कलम 7 बजावतं. ‘अप्रत्यक्ष’ या शब्दात तुमचा ठेकेदार येतो आणि त्याच्या मागून तुम्हीही. पहिल्याच गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अजामीनपात्र. गटारकामातल्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023मध्ये 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली.

हा कायदा ज्या वर्षी झाला, त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी सोनईत काय घडलं ते गाव विसरलेलं नाही. एका शिक्षणसंस्थेत सफाईचं काम करणाऱ्या तीन तरुणांना संडासाची टाकी साफ करायची आहे असं सांगून वस्तीवर बोलावलं आणि ठार केलं. एकाचा मृतदेह त्याच टाकीत सापडला. जातीच्या अहंकारातून झालेले ते खून होते. जानेवारी 2018मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. त्या खुनांना कामावरचा अपघात म्हणणं हा मेलेल्यांचा अपमान ठरेल. पण कामाचं निमित्त काय निवडलं होतं ते बघा. टाकी साफ करायला चल, असं ठरावीक जातीच्या पोरांना सांगितलं तर कोणालाच संशय येत नाही. ना कागद, ना दाखला, ना कुठे नोंद. हे बोलावणं इतकं रोजचं होतं म्हणून तर ते खुन्यांच्या कामी आलं. मालक म्हणवणाऱ्या प्रत्येकाने या रोजच्या सवयीचा आपल्यापुरता जाब द्यावा.

सध्या सल्लागार मंडळी मालकांना नव्या संहितेच्या फाइली विकत हिंडत आहेत. फाइल ठेवाच, प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्रही द्या. नव्या संहितेने ते सक्तीचं केलं आहे. मालकाने कर्तव्यात कसूर केल्याने कामगार मेला तर याच संहितेत 2 वर्षांपर्यंत कैद, किमान 5 लाखांचा दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, आणि त्या दंडातला निदान निम्मा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. पण हे सगळं माणूस गेल्यानंतरचं.

लग्नसराईआधी टाकी उपसायची असेल तर सक्शनची गाडी बोलवा. गाडीचं भाडं तुमच्या मांडवाच्या खर्चात दिसणारही नाही. आणि गाडीऐवजी कोणी बादली घेऊन दारात आला, तर त्याला त्या दिवसाची मजुरी देऊन परत पाठवा. खाली उतरवू नका.