डेंग्यू मोजता की डेंग्यूचे कागद?

राजेहो, पावसाळा उतरला की आपल्या शहरात तापाचे दोन आकडे फिरतात. एक कार्यालयातला, एक गल्लीतला. कार्यालयातला सांगतो, डेंग्यूचे रुग्ण अमुक, परिस्थिती आटोक्यात. गल्लीतला आकडा कुणी लिहूनच ठेवत नाही. तो गांधीबागेतल्या कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर फणफणत बसलेला असतो.

हे दोन आकडे जुळत काहून नाहीत? कुणी खोटं बोलतं म्हणून नाही, नियमच तसा आहे. सरकारी हिशेबात डेंग्यू 'निश्चित' व्हायला एलायझा चाचणी पॉझिटिव्ह पाहिजे. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ एलायझा, त्यानंतर आयजीएम एलायझा. कोपऱ्यावरच्या लॅबमधली झटपट कार्ड टेस्ट त्यात धरत नाहीत. आणि ज्यानं टेस्टच केली नाही, मेडिकलमधून गोळ्या घेऊन ताप अंगावर काढला, तो तर कुठंच नाही.

कार्ड टेस्ट चुकू शकते, म्हणून नियम कडक आहे. मान्य. पण निदान पक्कं करायला ठेवलेला आकडा 'शहरात डेंग्यू इतकाच' म्हणून मिरवायचा, हे कोणत्या शास्त्रात बसतं?

फरक किती मोठा असू शकतो? २०१४ मध्ये डोनाल्ड शेपर्ड आणि सहकाऱ्यांचा भारताबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २००६ ते २०१२ या काळात देशात दरवर्षी सरासरी सुमारे ५८ लाख लोकांना डेंग्यू झाला असावा, असा त्यांचा अंदाज. म्हणजे सरकारी नोंदीच्या २८२ पट! अंदाज आहे, भांडा त्याच्याशी. त्याचा दहावा हिस्सा खरा धरला तरी २८ पट होते. मग आटोक्यात काय आहे, रोग की रजिस्टर?

दुसरा फसवा प्रश्न म्हणजे 'मेले किती?' २०२४ च्या पावसाळ्यात चिकनगुनियानं नागपूरला कसं लोळवलं ते आठवा. माणसं फारशी मेली नाहीत, पण सांधे महिनोन्‌महिने धरून राहिले. आपल्या ठोक कापडबाजारातला हमाल गाठ उचलू शकला नाही तर त्याची मजुरी कोण भरून देतं? मृत्यूच्या रकान्यात तो शून्य. घरी चूल मात्र थंड.

जगानं याचं माप केव्हाच शोधलं आहे. १९९३ च्या जागतिक बँकेच्या अहवालात ते वापरलं गेलं. अकाली मृत्यूनं गेलेली वर्षं अधिक आजारपणात, अपंगत्वात गेलेली वर्षं, अशी बेरीज. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला 'डॅली' म्हणतात. भारतात राज्यवार रोगभाराचा असा हिशेब २०१७ मध्ये आयसीएमआर आणि सोबतच्या संस्थांनी मांडला. राज्याचा होतो, तर शहराचा, झोनचा काहून होऊ नये?

'आकडे सांगितले की लोक घाबरतात', हे उत्तर ठरलेलं. भाऊ, लोक तापानं घाबरतात, आकड्यानं नाही. आकडा लहान दिसला की फवारणी, कर्मचारी, चाचणीचे किट सगळंच लहान होतं. आणि सल्ला तेवढा मोठा मिळतो : कूलरचं पाणी काढा. काढूच, ते आपलं काम आहे. पण तुंबलेल्या नाल्या आणि बांधकामाच्या खड्ड्यातलं पाणी कुणी काढायचं?

मागणी साधी आहे. दर सोमवारी महापालिकेच्या दहाही झोनचे, प्रभागवार चार आकडे जाहीर करा : तापाचे रुग्ण, संशयित, तपासलेले नमुने, निश्चित रुग्ण. नवीन यंत्रणा लागत नाही. २००४ पासूनच्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात संशयितांचा, डॉक्टरांच्या निदानाचा आणि प्रयोगशाळेचा असे तीन वेगळे फॉर्म आहेतच. खासगी दवाखान्यांकडून ते भरून घ्या आणि लोकांपुढे ठेवा.

मत मागायला दारी येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारा : आमच्या प्रभागात मागच्या आठवड्यात तापाचे रुग्ण किती? सांगता नाही आलं, तर समजून जा की तुमचा ताप त्याच्या हिशेबातच नाही.