जामीनदार पाहिजे (परदेशी असल्यास उत्तम)

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाबद्दल नातेवाइकांच्या मनात एक गैरसमज घट्ट बसलेला असतो. दिवसभर दुसऱ्याच्या नोटा मोजणाऱ्याला पैशातलं सगळं कळतं, असं त्यांना वाटतं. (देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्याला वेदान्त कळतो, असं मात्र कोणी म्हणत नाही.) या गैरसमजापायी आजवर मी तीन लग्नांचा खर्च, दोन जमिनींचे वाद आणि एका म्हशीचा विमा एवढ्यांवर सल्ला दिलेला आहे. म्हैस सोडून बाकी सगळे माझ्यावर नाराज आहेत.

तेव्हा गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी ताईचा फोन आला, "तू आत्ताच्या आत्ता ये आणि याला चार शब्द समजावून सांग," तेव्हा मला नवल वाटलं नाही. ताई लोणी काळभोरातच, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. 'याला' म्हणजे माझा भाचा. वय सव्वीस. चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेला आणि, घरच्यांच्या दुर्दैवाने, ते शिक्षण गंभीरपणे घेतलेला.

चहा यायच्या आत दाजींनी माझ्यापुढे दोन कागद ठेवले. पहिला बँकेतल्या कारकुनांच्या परीक्षेचा. दुसरा भाच्याने छापून आणलेला, 'फ्यूचर जनरेशन आर्ट प्राइझ' नावाच्या बक्षिसाचा. युक्रेनमध्ये कीव्ह शहरातल्या पिंचुक आर्ट सेंटरचं हे बक्षीस २००९ साली सुरू झालं. जगातल्या कुठल्याही देशातल्या, पस्तीस वर्षांपर्यंतच्या कलावंताने अर्ज करावा. फी नाही. बक्षीस एक लाख डॉलर. त्यातले ६० हजार हातात आणि ४० हजार नवीन काम उभं करण्यासाठी.

"बघा आता," दाजी म्हणाले, "कारकुनाची परीक्षा अठ्ठावीस वर्षांपर्यंतच देता येते. याची दोन वर्षं राहिली. आणि हा म्हणतो, याला पस्तिशीपर्यंत मुदत आहे!"

चित्रकाराला कारकुनापेक्षा सात वर्षं जास्त देणारं कोणीतरी या जगात आहे, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं.

दाजींचं म्हणणं सरळ होतं. "मिळू दे बक्षीस. मी स्वतः गावभर पेढे वाटीन. पण तोवर त्याने परीक्षा द्यावी." मीही हेच सांगायला तोंड उघडलं होतं, पण तोंडात ताईने केलेले कांदेपोहे होते. तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, आधी चित्रं तर बघा."

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. आमचं गाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते तेल कंपन्यांच्या डेपोंमुळे. सोलापूर रस्त्याच्या कडेला टँकरांच्या रांगा लागलेल्या असतात. पोराने त्या टँकरांखाली झोपलेले ड्रायव्हर काढले होते, तपकिरी कागदावर, इंजिनातून काढलेल्या जळक्या ऑइलने. एक जण चपला उशाशी घेऊन झोपला होता. दौंडहून येणारी गाडी पकडायला मी रोज त्याच रस्त्याने स्टेशनवर जातो. ही माणसं चपला उशाशी घेऊन झोपतात, हे वीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"आवडलं का मामा?" त्याने विचारलं.

इथे माझी पंचाईत झाली. खरं सांगतो, मला उत्तर देता येईना. या चित्राला कुठेतरी बक्षीस मिळालं असतं तर ते मला तत्क्षणी आवडलं असतं. मिळालं नव्हतं, म्हणून मी म्हणालो, "छान आहे. पण याचं पुढे काय?"

घरी येईपर्यंत ते वाक्य घशात अडकून राहिलं. म्हणून हा लेख. मला भांडायचं आहे ते कीव्हच्या बक्षिसाशी नाही. ते त्यांचा पैसा देतात, त्यांनी खुशाल द्यावा. माझं भांडण दाजींशी आहे, आमच्या शाखेतल्या मंडळींशी आहे आणि पोहे खाऊन 'पुढे काय' विचारणाऱ्या त्या मामाशी आहे.

बँकेत एक पद्धत असते. कर्ज मागणारा माणूस कितीही सज्जन असला तरी आम्ही त्याच्या तोंडाकडे बघत नाही, जामीनदाराच्या सहीकडे बघतो. आपण मध्यमवर्गीय माणसं चित्रकारांशी नेमकं असंच वागतो. फरक एवढाच की जामीनदार परदेशी लागतो.

नागपूर आणि मुंबईला चित्रकला शिकून पॅरिसला गेलेल्या सय्यद हैदर रझांना १९५६ साली तिथल्या समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला तो प्रथमच मिळत होता. झाली सही. पुढच्याच वर्षी, १९५७ साली, टोकियोला आशियातल्या तरुण चित्रकारांचं प्रदर्शन भरलं आणि त्यात पहिलं बक्षीस मिळालं वासुदेव गायतोंडे यांना. नागपुरात १९२४ साली जन्मलेला, जे. जे.मधून पदविका घेतलेला हा माणूस. पुढे दिल्लीला राहून वर्षाकाठी मोजकीच चित्रं काढत राहिला आणि २००१ साली गेला.

२०१३ च्या डिसेंबरात मुंबईच्या एका लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. दुसऱ्या दिवशी आमच्या शाखेत सगळ्यांना गायतोंडे ठाऊक झाले होते. कॅशियरने तर "हे आमच्या म्हापशाच्या गायतोंड्यांपैकी का हो?" अशी आपुलकीने चौकशी केली. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा उरलेल्यांचीही खात्री पटली. सगळ्या जामीनदारांच्या सह्या पूर्ण झाल्या. फक्त खातेदाराला जाऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती.

हे जुनं झालं म्हणाल, तर ताजं घ्या. चंद्रपूर जिल्ह्यात सास्ती म्हणून गाव आहे, कोळशाच्या खाणीचं. तिथल्या खाणीत राबणाऱ्या कुटुंबातला प्रभाकर पाचपुते कोळशाच्या कांडीने खाणकामगारांची आणि शेतकऱ्यांची चित्रं काढतो. वेल्समधल्या कार्डिफ शहरात 'आर्टेस मुंडी' नावाचं आंतरराष्ट्रीय बक्षीस दिलं जातं. २०२१ साली अंतिम यादीतले सहाच्या सहा कलावंत विजेते ठरवले गेले आणि प्रत्येकाला दहा हजार पौंड मिळाले. त्या सहांत पाचपुते होता.

हे मी दाजींना सांगितलं, तर ते म्हणाले, "सगळेच पहिले? मग ती स्पर्धा कसली?" मला त्यात दुसरंच दिसलं. वेल्स हाही एके काळचा कोळशाचाच मुलूख. खाणीत उतरणारा माणूस कसा असतो, हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होतं. पण चंद्रपूरच्या कोळशावर झालेल्या विजेने आपले पंखे फिरतात. त्या पंख्याखाली बसून आपण 'कोण पाचपुते?' असं विचारतो, तेव्हा मला जरा उकडायला लागतं.

आता बक्षिसाचा हिशेब बी. कॉम. पद्धतीने मांडतो. कीव्हच्या बक्षिसाला हजारो अर्ज जातात. त्यातून वीसेक जण निवडले जातात आणि त्यातला साधारणपणे एक पहिला येतो. एकदा अफगाणिस्तानच्या अझीझ हझाराला ते मिळालं, सातव्या खेपेला बांगलादेशच्या आश्फिका रहमानला मिळालं. तेव्हा आपल्या पोरांनी अर्ज जरूर करावा. शेजारच्यांचं भलं होतं तर आपलं का नाही? पण 'बक्षीस मिळव, मग तुला चित्रकार म्हणतो' असं म्हणणं म्हणजे 'लॉटरी लागू दे, मग तुझं बचत खातं उघडतो' असं म्हणण्यासारखं आहे. असं बोलणाऱ्या कारकुनाला आमचे मॅनेजरसुद्धा बदलीवर पाठवतील.

चित्रकाराला पैसा लागतो तो बक्षिसाच्या आधी. त्याला लागते एक खोली आणि कोणी डोकं खाणार नाही अशी दोन-चार वर्षं. मुंबईत वॉर्डन रोडला भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट होतं. तिथे पन्नास-साठच्या दशकांत कलावंतांना नाममात्र भाड्यात कामाला जागा मिळत असे. गायतोंडे तिथे काम करत, हुसेन करत. त्या खोल्या देणाऱ्यांनी आधी टोकियोचं प्रमाणपत्र मागितल्याचं ऐकिवात नाही.

आता एक गोष्ट कबूल करतो, नाहीतर हा लेख म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान असा प्रकार व्हायचा. दोन वर्षांपूर्वी हाच भाचा शेडच्या दुरुस्तीसाठी कर्ज मागायला आमच्या शाखेत आला होता. (बँकेचं नाव सांगत नाही. मला तिथे अजून पंधरा वर्षं काढायची आहेत.) अर्जात 'व्यवसाय' असा रकाना. संगणकात शेतकरी होता, किराणा होता, कुक्कुटपालन होतं. चित्रकार नव्हता. मी 'इतर' भरलं. पुढचा रकाना जामीनदाराचा. पोराने विचारलं, "मामा, तुम्ही राहाल?" मी नियमांचं पुस्तक काढलं. मामाने भाच्याला जामीन राहू नये असा नियम काही मला त्यात सापडला नाही. पण पुस्तक काढलेलं बघूनच पोरगा समजायचं ते समजला आणि "राहू द्या मामा" म्हणून उठला. शेड अजून गळते.

"आम्हाला त्यातलं कळत नाही हो," असं आपण म्हणतो. मोठी सोयीची सबब आहे ही. आमच्या काउंटरवर लोक म्युच्युअल फंडाच्या कागदांवर चौदा ठिकाणी सह्या करतात, त्यातलं एक अक्षर तरी कळतं का? (माझ्यावर विसंबून राहू नका. मलाही कळत नाही.) आणि न कळायला आपण काही अगदीच अडाणी नाही. आमच्या लोणीतल्या राजबागेत राज कपूरने 'सत्यम् शिवम् सुंदरम्'चं शूटिंग केलं, सिनेमा आला १९७८ साली. आज तिथे विद्यापीठ आहे. पण गावातली म्हातारी माणसं शूटिंगच्या गोष्टी अजून रंगवून सांगतात. सिनेमाला परदेशात काय मिळालं, हे त्यांना कधी विचारावंसं वाटलं नाही. डोळ्यांनी पाहिलं, आवडलं, संपलं.

चित्रांच्या बाबतीतही आपण असेच होतो. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांना कुठल्या परदेशी परीक्षकांनी निवडलं होतं? आपल्या आज्यांनी निवडलं. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं त्यांनी जपून ठेवली, कॅलेंडरांवरची चित्रं तारखा कापून देव्हाऱ्याजवळ लावली. पदरचे पैसे मोजून अंक घेणारी माणसं होती ती. त्यांना 'कळत नाही' म्हणायची लाज वाटली नसती, पण 'आवडलं' म्हणायला त्यांना कोणाची परवानगीही लागत नव्हती.

आज आपण फ्लॅट घेतो, फॉल्स सीलिंगला लाख-दीड लाख घालतो, आणि भिंतीवर काय लावतो? आमच्या बँकेचं कॅलेंडर. फुकट! जानेवारीत त्यासाठी काउंटरवर जी झुंबड उडते, ती मी सोसलेली आहे. त्यातही तक्रार अशी की चित्र फार मोठं आहे, तारखा बारीक दिसतात.

असो. पोराने अर्ज केला. काही महिन्यांनी उत्तर आलं : निवड झाली नाही, खेद आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. दाजी काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त फ्रिजवरचा परीक्षेचा कागद उचलून टेबलावर आणून ठेवला. पोरगा दोन दिवस जेवला नाही, असं ताईने सांगितलं.

त्या संध्याकाळी मी शेडमध्ये गेलो. चपला उशाशी घेतलेला ड्रायव्हर होता तिथेच होता. नकाराने त्याचं काही बिघडलेलं दिसलं नाही. मी पाच हजारांना तो विकत मागितला. ताई संतापली, "घरच्या पोराला पैसे कसले देतोस?" मी म्हटलं, "ताई, घरच्या डॉक्टरलाही फी देतात, नाहीतर औषध लागू पडत नाही." पोराने पैसे घेतले. मी पावती मागितली. त्याच्याकडे पावतीपुस्तक नव्हतं, मग ते कसं ठेवायचं हे शिकवण्यात माझं बी. कॉम. प्रथमच एखाद्या कलावंताच्या उपयोगी पडलं.

चित्र हॉलमध्ये लावलं, कॅलेंडरच्या खिळ्यावर. आमची ही म्हणाली, "गॅसचा सिलिंडर कधी लावला ते आता कुठे लिहू?" कॅलेंडर स्वयंपाकघरात गेलं आणि तंटा मिटला.

आता येणारा-जाणारा विचारतो, "कोणाचं हो चित्र?"

"भाच्याचं."

"काही बक्षीसबिक्षीस मिळालंय का?"

"नाही."

"मग?"

"मला आवडलं."

पहिल्या दोन-चार वेळा हे वाक्य मी मॅनेजरकडे रजा मागितल्यासारखं बोललो. आता सवय होत आली आहे. पोराने शेडच्या कर्जाचा अर्ज पुन्हा आणला आहे. जामीनदाराच्या रकान्यात मी सही केली. व्यवसायाच्या रकान्यात मात्र अजूनही 'इतर'च भरावं लागलं. संगणकापुढे माझा इलाज नाही.