धूर वाडीचा, कोळसा कुणाचा?

अलीकडे इमारतींतली तरुण पोरं माझ्याकडे येतात आणि विचारतात, "काका, घरी मांस धुरावायचंय. लाकूड कुठे मिळेल? कोळसा कुठला घेऊ?" पोरं चांगली आहेत, हौशी आहेत. कुणी परदेशात राहून आलेलं असतं, कुणी मोबाईलवर बघून शिकलेलं. त्यांच्यावर माझा राग नाही. राग येतो तो हा प्रश्न वसईत विचारावा लागतो याचा. त्याहून जास्त राग येतो त्यांना मिळणाऱ्या उत्तराचा. कुणीतरी सांगतं, अमेरिकेतल्या हिकरीच्या लाकडाचे तुकडे पिशवीत मिळतात, मागवा. अरे, ज्या तालुक्यात आंबा, चिंच, चिकू, पेरू यांच्या फांद्या रस्त्याकडेला कुजतात, तिथे सातासमुद्रापलीकडचं लाकूड मागवायचं? दारात गोड्या पाण्याची विहीर आणि आपण बाटलीचं पाणी पितो, त्यातलाच हा प्रकार.

आमच्या घरी लाकूड 'शोधायची' वस्तू नव्हती. वाडी होती म्हणजे लाकूड होतं. केळीला सावली नको म्हणून आंब्याची फांदी उतरायची, वाळलेला पेरू काढायचा, चिकूची छाटणी व्हायची. माडाच्या झावळ्या, सोडणं, करवंट्या वर्षभर पडतच असायच्या. पाऊस लागायच्या आत सगळं फोडून पडवीत रचलं जायचं. चुलीच्या वर फळी असायची. तिच्यावर मिठातले बोंबील, बियाण्याची मडकी आणि नाताळाच्या सुमाराला मिठा-मसाल्यात मुरवलेलं डुकराचं मांस दोरीला बांधून लटकवलेलं. रोजच्या स्वयंपाकाचा धूर तेवढा त्याला लागायचा. त्यासाठी वेगळं लाकूड कुणी जाळलं नाही. हिवाळ्यात शेतात उकडहंडी लागायची, तीसुद्धा वाडीच्याच पाचोळ्यावर आणि काटक्यांवर.

म्हणून विचारणाऱ्याला मी आधी लाकडाची ओळख करून देतो. चिंचेचं लाकूड कठीण, त्याचा निखारा बराच वेळ टिकतो. आंब्याचं लवकर पेटतं, धूर मध्यम. पेरू आणि चिकूचं लाकूड घट्ट, धूर सौम्य, मांसाला उत्तम. सुरूचा जाळ फार कडक, म्हणून त्याचा आधी निखारा होऊ द्यायचा. करवंटीचा कोळसा आच चांगली देतो, पण धुराची चव लाकडानेच येते. कुठलंही लाकूड फोडून, वारा लागेल असं रचून सहा महिने तरी वाळवायचं. ओल्या लाकडाचा पांढरा दाट धूर मांस कडू करतो. पातळ, निळसर धूर दिसला की समजावं, लाकूड तयार आहे.

आणि काय जाळायचं नाही हेही ऐकून ठेवा. कण्हेर विषारी आहे, तिचं लाकूड चुलीजवळसुद्धा नको. खाडीतल्या गेव्याचा चीक डोळ्यांत गेला तर डोळे जातात. शिवाय तिवरं तोडायला बंदी आहे, आणि ती बंदी योग्यच आहे. प्लायवूड, रंग दिलेलं फर्निचर, जुनी दारं अजिबात नकोत. कारखान्यांतून निघालेल्या मालाच्या फळ्या फुकट मिळतात म्हणून लोक उचलतात. त्यांच्यावर इंग्रजी 'एमबी' असा शिक्का असेल तर त्या मिथाईल ब्रोमाईड या विषारी वायूने धुरी दिलेल्या असतात. 'एचटी' म्हणजे नुसत्या तापवलेल्या. पण त्याही बहुधा चिकट, राळवाल्या लाकडाच्या, त्यांची काजळी मांसावर बसते.

एवढं सांगितलं की पोरं म्हणतात, "पण काका, हे लाकूड आणायचं कुठून?" इथेच खरं दुखणं आहे. लाकूड वसईत आजही आहे. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या भागात किती झाडं आडवी झाली! पिढ्यान् पिढ्या सावली दिलेली झाडं. ती कापली, ट्रकात भरली, गेली. वादळ नसलं तरी दर पावसाळ्याआधी विजेच्या तारांखालच्या फांद्या तोडतात. इमारतीसाठी वाडी साफ होते तेव्हा तर आंबे-चिंचा मुळासकट जातात. यातलं जाड लाकूड व्यापारी नेतो. बाकीचं प्लॅस्टिकबरोबर कचऱ्यात जातं, आणि कचऱ्याला आग लागली की तोच धूर अख्खं गाव फुकट खातं. घरात चार किलो मांसाला धुरी दिली की शेजारी तक्रार करतो. त्या आगीबद्दल तोच शेजारी खिडकी बंद करून गप्प बसतो.

कायदा झाडाला जपतो, हे मला मान्य आहे. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा झाडांचा कायदा आहे. स्वतःच्या जागेतलं झाड तोडायलाही परवानगी लागते. लागलीच पाहिजे, नाहीतर वसईत एक आंबा शिल्लक राहिला नसता. पण परवानगी मिळून झाड पडलं, की पुढे त्या लाकडाचं काय, हे कुणी विचारत नाही. त्यातून १९२७ चा वन कायदा बघा. त्यात कोळसा हा वनोपज धरला आहे, मग तो जंगलातून आलेला असो वा नसो. म्हणजे माझ्या वाडीतल्या पेरूचा कोळसा मी पाडला तरी कागदावर ती जंगलाची वस्तू. झाड लावलं मी, पाणी घातलं मी, आणि जंगल कुठून आलं? इंग्रजाच्या काळातली व्याख्या आम्ही अजून उराशी धरून बसलोय.

आता दुकानातल्या पिशवीकडे या. आपल्याकडे लाकडाच्या कोळशाला लोणारी कोळसा म्हणतात, कारण तो पाडणं हा लोणारी समाजाचा धंदा होता. पुढे भट्टीवरचं हे काम मोठ्या प्रमाणात आमच्या कातकरी बांधवांच्या वाट्याला आलं. पावसाळा संपला की हातात उचल घेऊन अख्खं कुटुंब भट्टीवर जायचं आणि सहा-आठ महिने धुरात राहायचं. हिशेबाच्या दिवशी उचल फिटलेलीच नसायची. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा. तरी त्यानंतर आमच्याच वसई तालुक्यात श्रमजीवी संघटनेला वेठबिगार सोडवण्यासाठी लढावं लागलं. मातीच्या भट्टीत चार-पाच किलो लाकूड जळतं तेव्हा किलोभर कोळसा पडतो. पिशवीवर वजन छापतात, किंमत छापतात. कुठलं झाड जळलं आणि कुणाच्या छातीत धूर गेला, ते छापत नाहीत. मांस कुठल्या बोकडाचं हे चार वेळा विचारणारा माणूस कोळशाबद्दल एक शब्द विचारत नाही.

काहीजण म्हणतील, आता धुराचे दिवस गेले. २०२५ मध्ये मुंबईतल्या बेकऱ्यांनासुद्धा लाकूड-कोळसा सोडून गॅस-विजेवर जायला सांगितलं. रोज मणाने लाकूड जाळणाऱ्या भट्टीसाठी ते ठीक असेल. वर्षातून दोन-चारदा, उघड्या अंगणात, आपल्याच झाडाच्या वाळक्या फांदीवर धरलेला धूर आणि ती भट्टी एका तराजूत घालू नका. मात्र फ्लॅटवाल्यांना मी स्पष्ट सांगतो, बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या गॅलरीत कोळसा पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. आणि धुराने मांस शिजत नाही. धुरावलेलं डुकराचं मांस पुन्हा नीट शिजवूनच खायचं.

तर माझं मागणं साधं आहे. शहराच्या हद्दीत तोडलेली, पडलेली झाडं कचऱ्यात जाता कामा नयेत. प्रत्येक प्रभागात एक पत्र्याची शेड बांधा. तिथे फांद्या जातीनुसार वेगळ्या रचा, वाळवा, वजनावर विका. ते काम कातकरी आणि वारली बायाबापड्यांच्या गटांना रोख मजुरीवर द्या, उचलीवर नको. शेतकऱ्याच्या वाडीतल्या छाटणीचा कोळसा जंगलाच्या व्याख्येतून बाहेर काढा. आणि धुरी देणाऱ्या पोरांनो, तुम्हीही थोडं करा. पिशवी मागवण्याआधी जवळच्या वाडीवाल्याकडे जा. त्याच्या छाटणीला रद्दीचा नाही, लाकडाचा भाव द्या. चार पैसे त्या पेरूचे सुटले तर बिल्डरचा माणूस दारात आल्यावर 'नाही' म्हणायला त्याला थोडं बळ येईल. वाडी गेली, की मांसाला धुरी कसली देणार?