जपानच्या खेड्यात बिऱ्हाड करताना

घरातले पोर जपानला निघाले की वस्तीत एक वाक्य हमखास ऐकू येते. "बौद्ध देशात चाललंय, मग काळजी कसली?" या वाक्यात आनंद आहे, आणि एक गैरसमजही आहे.

जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांविषयी करार झाला. वृद्धांची शुश्रूषा, शेती, कारखाने अशा कामांसाठी जाण्याची वाट मोकळी झाली. ही कामे तोक्योतच मिळतील असे नाही. तिथल्या खेड्यांतले तरुण शहरांकडे गेले, म्हातारी माणसे मागे राहिली. म्हणून हात खेड्यांना हवे आहेत. तेव्हा आज नारा आणि वाकायामा या शेजारी प्रांतांचा डोंगराळ भाग डोळ्यांसमोर ठेवून थोडे लिहितो.

नवीन घरी गेल्यावर १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा. आरोग्य विम्याचे कागद त्याच वेळी पुरे करावेत. विमा असला की दवाखान्याच्या बिलातला साधारण ३० टक्के भाग आपल्याला भरावा लागतो. निवासाचे कार्ड सदैव खिशात असावे. पासपोर्ट मात्र आपल्याच पेटीत ठेवावा, मालकाच्या कपाटात नव्हे.

पुढची परीक्षा कचऱ्याची. हसू नका! जळणारा कचरा, प्लास्टिक, बाटल्या, डबे, सगळे वेगळे. प्रत्येकाचा वार ठरलेला, पुष्कळ गावांत पिशवीही ठरलेली. चुकीच्या वारी ठेवलेली पिशवी तशीच पडून राहते, वर सूचनेची चिठ्ठी चिकटते, आणि ती पिशवी कोणाची हे साऱ्या आळीला कळते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी दुसऱ्यांच्या गावचा कचरा उचलला, त्या आपल्या लोकांना यात एक गोष्ट जाणवेल. इथे ज्याचा कचरा त्यानेच धुवायचा, निवडायचा आणि जागेवर नेऊन ठेवायचा. त्यात कमीपणा नाही.

आळीचे एक मंडळ असते. सूचनांची फाईल घरोघरी फिरते, तिला काइरानबान म्हणतात. आपण वाचावी, सही-शिक्का करावा आणि शेजारच्या दारी पोचती करावी. भाषा येत नसली तरी फाईल अडवून ठेवू नये. ती नेऊन देताना शेजारच्या आजीबाईंशी दोन शब्द होतात, आणि ओळख अशीच वाढते. गवत काढायला, नाला साफ करायला सारी आळी जमते, त्या दिवशी आपणही जावे.

संध्याकाळी पाचच्या सुमारास पुष्कळ गावांत भोंग्यावर एखादी जुनी धून वाजते. नवखा माणूस दचकतो. मुलांना घरी जायची ती खूण असते, आणि भूकंप-वादळाची सूचना देणारा भोंगा चालू आहे की नाही याची तपासणीही त्यातच होते. आपल्या गावाची आश्रयाची जागा कोणती, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावे.

सुट्टीच्या दिवशी गरम पाण्याच्या झऱ्यांवर जावे. आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचे, मगच कुंडात उतरायचे. कपडे घालून उतरत नाहीत, पंचा पाण्यात बुडवीत नाहीत. स्त्री-पुरुषांच्या जागा सहसा निराळ्या असतात. आपल्याकडे हातावर 'जयभीम' किंवा आईचे नाव गोंदलेले असते. तिथे पुष्कळ ठिकाणी गोंदलेल्या माणसाला आत घेत नाहीत, तेव्हा दारातच विचारावे. तो राग तुमच्यावर नसतो. गोंदण म्हणजे गुंडांची खूण, अशी तिथली जुनी समजूत आहे.

शरद ऋतूत या भागात काकी नावाचे केशरी फळ लगडते. रस्त्याकडेला फळभाज्यांच्या टपऱ्या दिसतात, विकायला कोणी नसते. डब्यात पैसे टाकायचे आणि माल घ्यायचा. हा विश्वास कोणी मोडू नये, आपण तर नाहीच नाही.

आता त्या 'बौद्ध देशा'विषयी. गावात बौद्ध मंदिर असते, पण तिथे आपल्यासारखी रविवारची वंदना असेलच असे नाही. पुष्कळ घरांचा मंदिराशी संबंध अंत्यविधी, कबरी आणि पूर्वजांच्या स्मरणापुरता असतो. भिक्षूंना बायकामुले असतात. हे पाहून नाक मुरडू नये, आणि आपला धम्म तसाच असला पाहिजे असेही मानू नये.

बौद्ध देश म्हटला म्हणजे समता आपोआप येते, असेही नाही. जपानातही कातडे कमावणारे, मेलेली जनावरे ओढणारे लोक गावाबाहेर ठेवले गेले. त्यांना आज बुराकुमिन म्हणतात. सरकारने १८७१ साली फर्मान काढून त्यांना इतरांच्या बरोबरीचे ठरविले, पण लग्न जमविताना आणि नोकरी देताना मूळ गाव कोणते याची चौकशी चालूच राहिली. मेल्यावर मंदिरातून मिळणाऱ्या नावातसुद्धा काही ठिकाणी हीनपणाची अक्षरे घातली गेली. आपल्याकडे आडनाव विचारून जात काढतात, तसेच हे. म्हणून तिथे कोणालाही "तुमची वस्ती कोणती, तुम्ही त्यांतले का?" असे चुकूनही विचारू नये.

या अन्यायाविरुद्ध जे उठले, त्यांचे गाव मात्र अवश्य पाहावे. नारा प्रांतात गोसे नावाचे छोटे शहर आहे. तिथल्या काशिवारा वस्तीतल्या तरुणांनी पुढाकार घेतला, आणि ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे सुइहेइशा ही संघटना स्थापन झाली. सुइहेइ म्हणजे समतल. तिचा जाहीरनामा लिहिणारा साइको मानकिची हा वस्तीतल्या बौद्ध मंदिरातच जन्मलेला मुलगा. त्या सभेत १६ वर्षांचा यामादा कोनोजिरो शाळेतल्या भेदभावाविषयी बोलला. मोठ्या मठांनी आमच्याकडे २० वर्षे वर्गणी मागू नये, असेही या लोकांनी ठणकावले. पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. काशिवाऱ्यात आज सुइहेइशाचे संग्रहालय आहे. जवळचे स्टेशन वाकिगामी. पोराबाळांना घेऊन जावे.

त्याच रेल्वेमार्गाने पुढे हाशिमोतोला उतरावे. तिथून दुसरी गाडी गोकुराकुबाशीपर्यंत, मग केबल कार आणि शेवटी बस, की कोयासान येते. नवव्या शतकात कुकाई या भिक्षूने वसविलेले हे डोंगरावरचे मठांचे गाव. मंदिरे शंभरावर, आणि उंच झाडांखाली कबरींची दोन किलोमीटरची वाट. बस आधी न्योनिनदो येथे थांबते, तिथे जरूर उतरावे. डोंगरावर स्त्रियांना बंदी होती, त्या इथेच थांबून हात जोडीत. १८७२ साली सरकारने बंदी उठविली, तरी डोंगरावर ती प्रत्यक्षात संपायला आणखी कित्येक वर्षे लागली. आज आपली लेक त्याच दारापुढून सरळ आत चालत जाते. तिला हे ठाऊक असावे.

आणि याच डोंगरावर, कोयासान विद्यापीठात, सप्टेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. घरापासून हजारो मैलांवर त्या चेहऱ्यासमोर उभे राहिल्यावर डोळे भरतील, भरू द्यावेत. १९५६ साली नागपूरला दीक्षेबरोबर त्यांनी २२ प्रतिज्ञा का दिल्या, ते तिथे नीट कळते. नुसते बौद्ध म्हणवून घेतल्याने माणूस माणसाला समान मानू लागत नाही, ते रोज वागून दाखवावे लागते.

तेव्हा आईबापांनो, लेकराच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीबरोबर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो जरूर ठेवा. शेजारच्या आजीबाई विचारतील, हे चष्मेवाले कोण? दोन वाक्ये जपानीत पाठ करून ठेवायला त्याला सांगा. कचरा वेळेवर ठेवणाऱ्या आणि फाईल पोचती करणाऱ्या शेजाऱ्याचे बोलणे गाव कान देऊन ऐकते.

जयभीम!