आधी भरा, मग बघू

‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो, की तिच्यात एक तक्रार दडलेली आहे हेच विसरून गेलो आहोत. तिचा कन्नड अवतार आपल्या भागात सगळ्यांना पाठ आहे. ‘नाळे बन्नी’. उद्या या! एकेकाळी कर्नाटकातल्या कितीतरी गावांत लोक घराच्या दारावर ‘नाळे बा’ असे लिहून ठेवत. रात्री दार ठोठावायला आलेले भूत ते वाचे आणि उद्या यायचे म्हणून परत जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच अक्षरे. आता घरांच्या दारांवर ती दिसत नाहीत. पण कचेऱ्यांच्या खिडक्यांवर तीच पाटी न लिहिताच लागलेली असते आणि भुताच्या जागी हातात विजेचे बिल घेऊन आपण उभे असतो!

जून २०२३ मध्ये कोप्पळ येथील एका अतिशय वृद्ध महिलेचे बिल राज्यभर गाजले. छोटेसे घर, ‘भाग्यज्योती’ योजनेतली जोडणी, नेहमीचे बिल शंभराच्या आत. आणि अचानक एक लाखाहून अधिक रुपयांचा कागद हाती पडला. वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर बातमी आली, तेव्हा मीटरमधला दोष मान्य झाला. हे बिल भरावे लागणार नाही असे खुद्द ऊर्जामंत्र्यांनी सांगितले. चांगले झाले. पण एक लाखाची चूक डोळ्यांत भरते, म्हणून तिची बातमी होते. तीनशेचे बिल तीन हजार झाले, तर कोण कॅमेरा घेऊन येणार?

आमच्या गल्लीत एक काकू एकट्याच राहतात. वय बहात्तर. मुलगा नोकरीसाठी पुण्याला, घरात दोन दिवे, एक पंखा, एक फ्रीज. ‘गृहज्योती’त ठरलेल्या सरासरीपेक्षा थोडी जास्त वीज जाते, म्हणून महिन्याला तीनशेच्या आसपास बिल येते. मागे एका महिन्यात ते आले ११,१०० रुपये. काकू ऑफिसात गेल्या. उत्तर मिळाले, ‘आधी भरा, मग बघू.’ दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा साहेब मीटिंगला, तिसऱ्यांदा सर्व्हर डाऊन. चौथ्या दिवशी लाइनमन फाटकाशी येऊन उभा राहिला. चार शेजाऱ्यांच्या देखत लाइन कापली जाणार, या कल्पनेनेच त्या हादरल्या. पोस्टातली ठेव मोडून त्यांनी पैसे भरले.

पुढे रीडिंगमधला एक आकडा चुकल्याचे निघाले. चूक मान्य झाली आणि ‘जादा रक्कम पुढच्या बिलांतून वळती होईल’ असे सांगण्यात आले. आता हिशोब करा. जादा गेले १०,८०० रुपये आणि महिन्याचे बिल तीनशे. म्हणजे छत्तीस महिने! चूक झाली एका मिनिटात, ती फिटायला तीन वर्षे. बहात्तर वर्षांच्या बाईला तीन वर्षे थांबा म्हणणे सोपे आहे का? शिवाय मोडलेल्या ठेवीचे व्याज गेले, ते कोणत्या रकान्यात धरायचे?

‘आधी भरा, मग बघू’ हा नियम आहे असे आपण गृहीत धरतो. तो तसा नियम नाही, ही गोष्ट आज मुद्दाम सांगायची आहे. २००३ च्या वीज कायद्यातले कलम ५६ पाहा. बिल थकले तरी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. याच कलमात त्याहूनही महत्त्वाचे एक वाक्य आहे. बिलाबद्दल वाद असेल, तर आपली हरकत नोंदवून ग्राहकाने दोनपैकी एक रक्कम भरायची. एक, मागितलेली पूर्ण रक्कम. दुसरी, मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीवर काढलेली रक्कम. या दोहोंपैकी जी कमी असेल ती भरली, की वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. काकूंच्या बाबतीत ती रक्कम झाली असती तीनशे रुपये! (वीजचोरीचा किंवा गैरवापराचा आरोप असेल, तर मात्र वेगळी कलमे लागतात.)

याखेरीज केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम केले. मीटर न वाचता अंदाजाने दिलेले बिल सलग दोन बिलिंग काळांपेक्षा जास्त चालले, तर एखादी मोठी आपत्ती नसल्यास प्रत्यक्ष रीडिंगचे बिल येईपर्यंत पैसे भरायला ग्राहक नकार देऊ शकतो. २०२४ च्या दुरुस्तीत आणखी एक सोय झाली. रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार आली, तर पाच दिवसांत शेजारी दुसरा मीटर बसवायचा आणि निदान तीन महिने दोन्ही आकडे ताडून पाहायचे. वाद मिटवण्याची इतकी साधी रीत आहे, पण ती मागावी लागते.

मागायची कशी? तर लिहून. १९१२ या क्रमांकावर फोन केला तर तक्रारीचा नंबर घ्या आणि बिलावरच टिपून ठेवा. बिलाच्या वादात मात्र फोनवर थांबू नका. दोन प्रतींत अर्ज करा आणि एका प्रतीवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक घेऊनच खिडकी सोडा. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावरची वरात. दाद मिळाली नाही, तर वीज कंपन्यांचा ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. तिथे पहिला प्रश्न असतो, ‘आधी लेखी तक्रार केली होती का?’ पोच असली तरच या प्रश्नाला उत्तर देता येते. अर्जाचे पुढे काय झाले, हे माहिती अधिकारात विचारता येते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ म्हणतात, पण हे कोर्ट नाही. मंचापुढे वकील लागत नाही, आपली बाजू आपण मांडू शकतो.

खिडकीपलीकडच्या माणसावर ओरडण्यात मात्र अर्थ नाही. बिल दुरुस्त करायचा अधिकार बहुधा त्याच्याकडे नसतोच. ‘भरा’ म्हणणे तेवढे त्याच्या हातात असते. आणि प्रत्येक वाढलेले बिल चुकीचेच असते असेही नाही. मे २०२३ मध्ये जाहीर झालेली दरवाढ एप्रिलपासून लागू झाली, तेव्हा जूनची बिले एकदम फुगली आणि घरोघर गोंधळ उडाला. वाढलेल्या वापराप्रमाणे जादा अनामत मागतात, तीही कायद्याला धरून असते. मात्र त्या अनामतीवर व्याज मिळते, ते बिलात जमा झाले की नाही हे पाहणारे किती? म्हणून भांडण्याआधी बिल वाचायला हवे.

आपल्या घरांतली अडचण इथेच सुरू होते. आजी-आजोबा मराठी शाळेत शिकलेले, बिल कन्नडमध्ये. नातवंडे फडाफडा कन्नड वाचतात, पण बिलाकडे ढुंकून पाहत नाहीत. या दोघांना एका टेबलाशी बसवले तर? ‘हिंदिन मापन’ म्हणजे मागचे रीडिंग, ‘इंदिन मापन’ म्हणजे आत्ताचे, ‘बळके’ म्हणजे वापर. ‘बाकी’ आणि ‘सरासरी’ हे दोन शब्द तर दोन्ही भाषांत सारखेच, आणि भांडणे बहुतेक याच दोन शब्दांवरून होतात! आत्ताच्या आकड्यातून मागचा वजा करायचा, मग बाहेर जाऊन मीटर पाहायचा. चौथीतले मूलही हे करील. मीटरवरचा आकडा बिलापेक्षा कमी दिसला, तर चूक तिथल्या तिथे सापडली. दर महिन्याला मोबाइलवर मीटरचा फोटो काढून ठेवला, तर पुराव्यासाठी धावाधाव करावी लागत नाही.

अर्ज कोणत्या भाषेत करायचा, हा आपल्याकडे नाजूक विषय. राज्यघटनेचे कलम ३५० सांगते, की गाऱ्हाणे मांडणारा अर्ज त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो. मराठीत लिहिलेला अर्ज म्हणूनच परत करता येणार नाही आणि कन्नड लिहिता न येणाऱ्या आजोबांनी त्यासाठी गप्प बसायचे कारण नाही. पण घरात सून किंवा नातू सफाईने कन्नड लिहीत असेल, तर त्यांच्याकडून लिहून घ्या. काम लवकर होते, हा अनुभव आहे. दोन भाषा येणे ही आपल्या घरांची कमाई आहे, ती लग्नाच्या पत्रिकेपुरतीच का वापरायची?

हेच पाणीपट्टीला लागू आणि घरपट्टीलाही. आपल्याकडे विजेच्या ऑफिसला लोक अजून ‘केईबी’च म्हणतात. ते वीज मंडळ १९९९ मध्येच गेले, २००२ मध्ये वितरण कंपन्या आल्या, पाठोपाठ नवा कायदा आला. ऑफिसची पाटी बदलली, खिडकीवरचे वाक्य राहिले. कारण ते ऐकून आपणही मुकाट्याने पाकीट उघडत राहिलो.

तेव्हा वाचकहो, या रविवारी एक जुनी फाइल काढा आणि मागच्या सहा महिन्यांची बिले व पावत्या तारखेप्रमाणे लावून ठेवा. वाद झालाच, तर कलम ५६ मधली सरासरी याच कागदांवरून काढायची आहे. शेजारी कोणी काकू किंवा आजोबा एकटे राहत असतील, तर त्यांचीही फाइल लावून द्या.