डिझेलची बोलेरो की पेट्रोलची डिझायर? आधी वर्षाचा हिशेब मांडा!



कारखान्याचा हप्ता जमा झाला, कांद्याची नाहीतर सोयाबीनची पट्टी हातात आली, की आपल्याकडे पहिला विषय निघतो तो चारचाकीचा. त्यात गैर काही नाही. जन्मभर एसटीची वाट पाहिली, मोटारसायकलवर तिघे-तिघे बसून तालुका गाठला. आता दारात गाडी असावी असे वाटले तर कोण नावे ठेवणार? पण गाडी ठरवताना पारावर जी चर्चा होते ती दोन वाक्यांत संपते. एक म्हणतो, "बोलेरोच घे, डिझेल परवडतं." दुसरा म्हणतो, "छे! डिझायर घे, चारचौघांत शोभते." माझ्या मते ही दोन्ही कारणे कच्ची आहेत. कच्च्या कारणावर आठ-दहा लाख अडकवणे आजच्या शेतीला झेपणारे नाही.

आधी डिझेलचे बघू. डिझेल परवडते हे एकेकाळी खरे होते. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले होते तेव्हा डिझेल ४१ रुपये होते. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक! कारण डिझेलचा दर सरकार धरून ठेवत होते. पेट्रोलचे दर २०१० साली मोकळे झाले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. तेव्हापासून ही दरी कमी होत गेली. २०२५ साली आपल्या राज्यात पेट्रोल साधारण १०४ आणि डिझेल ९१ रुपयांच्या आसपास होते. म्हणजे फरक उरला तेरा रुपयांचा. आपल्या डोक्यात मात्र अजून २०१२ सालचाच हिशेब बसलाय.

आता पाटीवर आकडे मांडा. वर्षाला १०,००० किलोमीटर गाडी फिरली असे धरू. बोलेरो अंगाने जड, लिटरला १३ किलोमीटर देते असे समजा. वर्षाला ७७० लिटर डिझेल, म्हणजे ७०,००० रुपये. डिझायर हलकी, गावच्या रस्त्यावरही लिटरला १८ देते असे धरले तर ५५५ लिटर पेट्रोल, म्हणजे ५८,००० रुपये. पेट्रोलची गाडीच बारा हजारांनी स्वस्त पडली! तुमच्या पंपावरचा दर आणि तुमच्या गाडीचे खरे ॲव्हरेज घालून हाच हिशेब पुन्हा करून पाहा. शिवाय आपल्या राज्यात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला एकरकमी रोड टॅक्स ११ टक्के आहे, डिझेलला १३ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कमी झाला तेव्हा या दोन्ही गाड्या १८ टक्क्यांत आल्या, त्यामुळे तिथे कुणाचीच सरशी नाही.

आणखी एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी आली. ही काजळी जळून जायला गाडी मधूनमधून मोठ्या रस्त्यावर, चांगल्या वेगात चालावी लागते. घर ते मळा, मळा ते डेअरी अशा दीड-दोन किलोमीटरच्या फेऱ्याच रोज मारल्या तर ती जाळी तुंबते, दिवा लागतो आणि गाडी वर्कशॉपला न्यावी लागते. जुन्या जीपगाडीसारखे "गावातला मिस्त्री बघून घेईल" असे आता राहिलेले नाही.

मग बोलेरो घेऊच नये का? तसे मुळीच नाही. पण ती घ्यावी ओझ्यासाठी आणि रस्त्यासाठी. तिचा सांगाडा वेगळा आणि मजबूत, मागे ट्रकसारखे पाटे, जमिनीपासून उंची १८० मिलिमीटर. डिझायरची उंची १६३. हा दोन बोटांपेक्षाही कमी फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण चार माणसे आणि खताच्या दोन गोण्या टाकल्यावर डिझायर खाली बसते आणि पाणंदीच्या मधल्या उंचवट्यावर चेंबर घासते. ज्याची वस्ती मळ्यात आहे, ज्याला रोज दुधाचे कॅन, भाजीचे क्रेट, पेंडीची पोती, फवारणीचा पंप आणि चार मजूर न्यायचे आहेत, त्याने बोलेरो जरूर घ्यावी. त्याला डिझेलवर जाणारे जादा बारा हजार वर्षभरात वसूल होतात.

मात्र दोन भ्रम डोक्यातून काढा. पहिला, "बोलेरो कुठंही जाते." साध्या बोलेरोत इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांनाच मिळते. जुलै महिन्यात काळ्या रानात रिकामी बोलेरोही रुतते आणि ओढायला ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. दुसरा, "माल वाहायला होईल." अहो, ती सात माणसांची गाडी आहे. कांद्याची खेप मार्केटला न्यायची तर टेम्पो नाहीतर पिकअप सांगावीच लागते. आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडे घेऊन शेजाऱ्याचा माल किंवा प्रवासी नेणे बेकायदा आहे. अशा वेळी अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. चार-पाचशे रुपयांच्या भाड्यापायी घरदार पणाला लावू नका.

डिझायर कुणी घ्यावी? ज्याचे घर डांबरी रस्त्याला आहे, जो आठवड्यातून दोन-तीनदा तालुक्याला किंवा जिल्ह्याला जातो, घरात म्हातारी माणसे आहेत, दवाखान्याच्या फेऱ्या आहेत, त्याने. गुडघे दुखणाऱ्या आईला बोलेरोच्या उंच पायरीवर चढवून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. "जड गाडी म्हणजे सुरक्षित गाडी" हेही डोळे झाकून मानू नका. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत २०२४ साली नव्या डिझायरला मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाच तारे मिळाले. त्याच वर्षी बोलेरो निओ या गाडीला एकच तारा मिळाला. निओ ही साध्या बोलेरोहून वेगळी गाडी आहे, हे खरे. पण नुसत्या पत्र्याच्या आवाजावरून सुरक्षा ठरवू नये, एवढे यातून शिकावे.

आता सगळ्यात महत्त्वाचे. गाडी कोणतीही घ्या, हप्ता दर महिन्याला येतो. शेतीचा पैसा वर्षातून दोनदा येतो. आठ लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले तर महिन्याला १७,००० रुपये हप्ता बसतो. पाच वर्षांत भरायचे १० लाख २० हजार, आणि तोवर गाडीची किंमत खाली उतरलेली. ज्या वर्षी पाऊस दगा देतो किंवा भाव पडतो, त्या वर्षी हा हप्ता बियाण्याच्या, खताच्या पैशातून जातो. पीककर्ज उचलून गाडीचा हप्ता भरणारी घरे तुमच्याही गावात असतील. तिथून पुढे सावकाराचे दार फार लांब नसते. म्हणून माझे सांगणे एवढेच, की ज्याच्या घरात दुधाचा, नोकरीचा किंवा दुकानाचा महिन्याला येणारा पैसा नाही, त्याने निम्मी रक्कम रोख असल्याशिवाय नवी गाडी घेऊ नये. चांगली जुनी गाडी जाणत्या मिस्त्रीला दाखवून, आरसी बुकावर बँकेचा बोजा नाही ना हे पाहून घेतली तर त्यात कमीपणा नाही.

ठरवण्याआधी एक काम करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिनाभर रोज लिहा: आज गाडी लागली असती का, कशासाठी, किती माणसे, किती ओझे, रस्ता कोणता. महिन्याने घरातल्या सगळ्यांनी, बायकांनीसुद्धा, बसून ते वाचा. ओझ्याचे आणि खराब रस्त्याचे दिवस जास्त निघाले तर बोलेरो. माणसांचे आणि डांबरी रस्त्याचे जास्त निघाले तर डिझायर, आणि मालाला भाड्याची पिकअप. दोन्ही मिळून पाच-सहा दिवसच निघाले तर मोटारसायकल चालू ठेवा आणि तो पैसा ठिबकला, विहिरीला लावा.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनाही दोन शब्द. उंच गाडीची गरज पुष्कळदा खराब पाणंदीमुळे निर्माण होते. २०२१ साली राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. आपल्या गावच्या किती पाणंदींचे प्रस्ताव गेले, किती अतिक्रमणात अडकून पडले, हे ग्रामसभेपुढे ठेवा. एक पाणंद धड झाली तर दहा घरांची उंच गाडीची गरज संपते. गटाने किंवा शेतकरी कंपनीने रीतसर मालवाहू नोंदणीची एक पिकअप घेतली, तर प्रत्येकाच्या दारात वेगळे ओझे कशाला हवे?

गाडी दारात उभी राहिली की पेढे वाटायला गाव येते. हप्ता भरायला मात्र कुणी येत नाही. तेव्हा शोरूमची पायरी चढण्याआधी कॅलेंडर बघा.

(लेखक कृषी विस्तार अधिकारी आहेत.)